टेकडीची प्रमुख

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एका भांडीवाल्याला एकुलती एक मुलगी होती, निशिगंधा. पोरगी हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. शहरात जाऊन व्यापाराचं मोठं शिक्षण घ्यायचं आणि पुढे शंभर माणसं हाताखाली ठेवायची, असं तिचं ठरलेलं. पण त्या कॉलेजचा नियमच असा, की आधी कुठेतरी माणसांना बरोबर घेऊन काम केलेलं असावं.

गावामागची टेकडी वणव्यांनी उघडी पडली होती. तिथे झाडं लावायला काही लोकांनी मंडळ काढलं होतं. मजुरी नाही, मानधन नाही. ज्याला वाटेल त्याने यावं. निशिगंधा गेली. तिचा धडाका बघून लोकांनी तिलाच प्रमुख केलं.

पावसाळ्यात टेकडी माणसांनी गजबजली. शेजारच्या शेवंताकाकू आल्या, शाळेतून निवृत्त झालेले गुरव मास्तर आले. लोकांनी रोपं लावली आणि पाणी धरायला भोवती मातीची आळी केली. आता हौशी माणसांचं काम ते. कुणाचं आळं वाकडं, कुणाचं उथळ. निशिगंधाला ते बघवेना. लोक घरी गेले की ती कुदळ घेऊन मागे राही आणि सगळी आळी मोडून पुन्हा नीट करी. कुणाला टाकून बोलली नाही, बरं का. उलट आपण किती समजूतदार, असंच तिला वाटे.

हळूहळू माणसं गळायला लागली. कुणाचा गुडघा धरला, कुणाकडे पाहुणे आले. उन्हाळा लागला तेव्हा टेकडीवर ती एकटीच उरली. खालच्या विहिरीवर कळशी भरायची, चढ चढायचा, दोन-चार रोपांना पाणी घातलं की कळशी रिकामी. खाली गावातलं बोलणं-हसणं वर ऐकू येई आणि इथे चिटपाखरू नसे. आपण एवढं राबतो आणि कुणी साधी चौकशीही करत नाही, असं मनात येऊन तिला रडू फुटे.

तेवढ्यात कॉलेजातून बोलावणं आलं. आता आली का पंचाईत! ती गेली तर रोपं वाळणार, थांबली तर जागा जाणार. शेवटी ती शेवंताकाकूंच्या दारात गेली आणि लोकांना झाडांची काही पडलेलीच नाही म्हणून कुरकुरली.

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आम्ही केलेलं तू आमच्या पाठीमागे मोडतेस," त्या म्हणाल्या. "मग आम्ही कशाला यायचं?"

निशिगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली, माफी मागितली आणि रोपांची एकेक ओळ एकेकाच्या हवाली केली. आपण हात लावणार नाही, असा शब्द दिला. काही आले, काही आलेच नाहीत. जे आले त्यांनी पुन्हा वाकडीच आळी केली. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने कुदळ उचलली नाही. काही रोपं वाळलीसुद्धा, तेव्हा जीव तुटला तिचा. मग तिने मास्तरांनाच विचारलं, काय करू या. विहिरीपासून वरपर्यंत रांग लावून हातोहात कळशा चढवायच्या, हे त्यांच्या डोक्यातून निघालं.

ती शहरात गेली. वर्षभराने सुट्टीत आली ती थेट टेकडीवर. रांग लागली होती. झाडं कमरेएवढी झाली होती. बरीच माणसं नवी होती आणि जुनी आपापल्या कामात होती.

एका अनोळखी बाईने तिच्याकडे पाहिलं. "नवीन दिसतेस," ती म्हणाली. "इथे मध्ये उभी राहा. आणि पाणी सांडू नकोस."

निशिगंधा रांगेत मध्ये जाऊन उभी राहिली. परक्या शहरात रोज रात्री तिने याच टेकडीची आठवण काढली होती, आणि इथे तिच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. उन्हाळ्यात एकटीने कळशा वाहताना वाटलं नव्हतं इतकं तिला आत्ता एकटं वाटलं. मग खालून भरलेली कळशी आली. ती तिने घेतली आणि वरच्या हातात दिली.

तात्पर्य: आपल्यावाचून काम अडावं असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल एकट्याने राबावं. ज्याला माणसं पुढे न्यायची आहेत, त्याने आपल्यावाचून काम चाललेलं पाहायची तयारी ठेवावी, मग मनाला कितीही लागो.