ठिपक्याची जागा

इंटरनेटवरचे अर्ज नवे होते, तेव्हाची गोष्ट. एका अर्जात ‘विवाहित’ आणि ‘विधुर’ अशी दोन वर्तुळं शेजारी राहत. अर्ज उघडला की ठिपका आपोआप विवाहितमध्येच असायचा.

“दादा, तुझं बरंय. काही न करता मिळतो!” रिकामं विधुर कुरकुरायचं. “मला एकदा तरी मिळू दे.”

एके दिवशी दिगंबरपंत अर्ज भरायला बसले. ठिपका पाहून त्यांचा हात थबकला.

“असाच राहू दे का गं?” त्यांनी शेजारच्या खुर्चीला विचारलं. खुर्ची रिकामी होती. बऱ्याच वेळाने त्यांनी माउस नेऊन विधुरवर क्लिक केलं.

ठिपका आला. विधुर घाबरून म्हणालं, “दादा, परत घे ना!”

“ते त्यांच्याच हातात, बाळा.”

पंतांचा हात मात्र रिकाम्या खुर्चीवर होता.