सूरकपार

शके अठराशे एक, वैशाख वद्य तृतीया, उन्हाळा ऐन भरात. त्या दिवशी या डोंगराने लग्नात सूर धरला, असे सांगतात. पाहुण्यांनो, समोर कड्यात उभी भेग दिसते ती सूरकपार. तिच्यामुळे या गावात वाजंत्री कितीही नामांकित आणा, बिदागीचा पहिला वाटा सूर धरणाऱ्याचा. सनईवाल्याने आपला वाटा त्यानंतर घ्यायचा.

गावात सटवाजी कुंभार होता. त्याच्या लेकीचे, ठकूचे, लग्न ठरले. मुलाचा बाप गणूजी ताठ माणूस. त्याने निरोप धाडला, "वेशीवर वाजंत्री नसेल, तर वऱ्हाड तिथूनच माघारी फिरेल."

सटवाजी बाजारच्या गावी गेला. तिथे दहा जणांचा ताफा होता, ढोल-ताशे, कर्णे, सगळे लाल फेट्यांत. त्यांनी तीस रुपये सांगितले. एवढे रुपये सटवाजीने जन्मात एकत्र पाहिले नव्हते. ताफ्याचा म्होरक्या त्याच्या पायांवरची चिखलाची पुटे पाहून म्हणाला, "कुंभारदादा, तुम्ही आपली घागरच वाजवा."

परतताना वाटेवर लिंबाजी सनईवाल्याचे खोपट लागले. लिंबाजी म्हातारा, पण बोलणे रोखठोक.

"आमचा भाव जोडीचा. चार पायली ज्वारी माझी, चार पायली माझ्या भावाची. मी सनई वाजवतो, येसू मागं एकच सूर अखंड धरतो."

सटवाजीने हो म्हटले. आठ पायली कुठून आणायची, याचा विचार त्याने घरी आल्यावर केला.

लग्नाच्या दिवशी लिंबाजी एकटाच आला. सटवाजीने विचारले, "जोडीदार कुठाय, बाबा?"

"पटकीत गेला. दोन वर्षं झाली."

"मग तो सूर धरतो म्हणून मला का सांगितलंत?"

"लग्नाचा शब्द येसूनं कधी मोडला न्हाई," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात वऱ्हाडाच्या बैलगाड्या वेशीवर आल्या. गणूजी उतरला आणि इकडेतिकडे पाहून हसला. "काय हो व्याही, लग्नाला बोलावलंत की तेराव्याला? सुरावाचून सनई वाजवता?" त्याने गाडीवानाला बैल वळवायला सांगितले. आत मांडवात ठकू हळद लावून बसली होती.

लिंबाजीने डोंगराकडे तोंड केले आणि सनई ओठांना लावली. पण फुंकली नाही. तो थांबून राहिला. रीतच ती, आधी सूर लागतो, मग सनई.

आणि म्हणे कपारीतून सूर आला. खोल, एकसारखा, कुठे न तुटणारा. पायांखालची माती थरथरली. वळलेले बैल जागीच उभे राहिले. गणूजीने डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली आणि मांडवात लग्न लागेपर्यंत ती परत घातली नाही. लिंबाजीची सनई त्या सुरावर चढली. त्या सुरातच अक्षता पडल्या.

वऱ्हाड गेल्यावर सटवाजीने बिदागी मापली. चार पायली.

"आणि येसूची?"

सटवाजीने मान खाली घातली. माणूस एकच आला, म्हणून उसनवारीने जमवलेल्या आठांतली उरलेली चार पायली त्याने दळून वऱ्हाडाच्या पंगतीत वाढली होती.

लिंबाजी रागावला नाही. "सूर धरणारा आधी लागतो आणि शेवटी थांबतो. बिदागी मिळेपर्यंत त्यानं सूर सोडायचा न्हाई, ही आमच्या घराची रीत. तुझं त्याच्याशी बघ." एवढे बोलून तो चालू लागला.

सनई केव्हाच थांबली होती. कपारीतला सूर चालूच होता.

तो ज्येष्ठात होता, पावसात होता, दिवाळीतही होता. गुरे त्या अंगाला चरायला जाईनात. गावाने बोलणे हळू केले. सटवाजी चाकावर बसला की ओल्या मडक्याच्या काठाला तो सूर बोटांखाली जाणवे. त्याच्याने जेववेना.

माघात खळी झाली. मडक्यांच्या बदल्यात शेतकऱ्यांनी बलुत्याची पहिली ज्वारी घातली, ती नेमकी चार पायली भरली. सटवाजीने ती घरी न नेता डोंगराची वाट धरली. बायको तुळसा आडवी आली. "घरात दाणा न्हाई. चार दिस थांबलं तर काय बिघडंल?"

"आपण थांबू गं," सटवाजी म्हणाला. "तो तिथं श्वास धरून उभा हाय."

तो कडा चढला. कपारीच्या तोंडाशी त्याने धोतराच्या सोग्याने जागा झाडली, पोते उघडले आणि चारही पायल्या मोजून ओतल्या. हात जोडले. "येसूदादा, उशीर झाला. पदरात घ्या."

सूर थांबला. आतून एक लांब निःश्वास आला आणि सटवाजीचे कपाळ गार झाले, असे सांगतात.

आजही पावसाळी वारा त्या कपारीत शिरतो, पण आवाज होत नाही. देणे फिटले.