बोकडाचा कौल

पुढाऱ्याला शहाणपण दाखवायला मुकं जनावरच सापडतं. गांजा कायदेशीर करावा का, यावर ऐन थंडीत सकाळी गावात सभा भरली. भाऊसाहेब वाघचौरे म्हणाले, "गांजानं काही होत नाही. आत्ता दाखवतो." आणि गजराबाईचा बोकड ओढत मंचावर आणला. त्याच्या नाकात चिलमीचा धूर सोडायचा होता.

गजराबाई आडवी आली. "सोडा त्याला. त्याला विचारलंत का?"

"विचारू की." जत्रेत बोकडावर पाणी शिंपडतात, तो थरथरला की कौल मिळाला म्हणतात. भाऊसाहेबांनी तेच केलं. बोकड थरथरला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

गजराबाईनं मंचावरची कळशी उचलली आणि भाऊसाहेबांच्या डोक्यावर पालथी केली. भाऊसाहेब लटलटा कापू लागले.

"ह्यांनीबी कौल दिला," बाई म्हणाली. "जत्रेत कौलानंतर काय करतात, ठाऊक आहे ना? आणा सुरी."

"अगं बाई, मी गारठ्यानं कापतोय!"

"मग माझा बोकड काय हौसेनं नाचत होता?"

भाऊसाहेबांनी मुकाट्यानं दावं सोडलं. जाता जाता बोकडानं त्यांच्या गळ्यातला हार खाल्ला, कुणाचाही कौल न घेता.