लंगोटाची गाठ

नदीकाठच्या एका पाठशाळेत एकदा पोथ्यांना ऊन दाखवण्याचे काम चालले होते. मार्गशीर्षातला कोरडा दिवस होता. वर्षातून एकदा सगळ्या पोथ्या सोडायच्या, अंगणात चटयांवर पसरायच्या, पानांना लागलेली कसर, म्हणजे कीड, झटकायची, आणि मग एकेक पोथी फळ्यांमध्ये धरून, तांबड्या बासनात गुंडाळून, दोरीने आवळून पुन्हा बांधायची, असा तिथला नेम होता. हे काम एका शिष्याकडे असे. वयाने तो तिशीला आलेला, पाठशाळेत सर्वांत जुना; धाकट्या विद्यार्थ्यांना पाठही तोच सांगे. बासनाची गाठ त्याच्यासारखी कोणाला येत नसे. त्याने बांधलेली पोथी हातातून पडली तरी आतले पान हलत नाही, असे लोक म्हणत.

माध्यान्हीच्या सुमारास त्याच्या सासुरवाडीहून एक गडी निरोप घेऊन आला. शिष्याची पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, चार कोसांवर गेली होती.

गडी म्हणाला, "मुलगी झाली. बाईंना बरं नाही. तुम्हाला बोलावलंय."

"फार बरं नाही का?"

"मला काय कळतंय त्यातलं? बोलावलंय एवढंच सांगितलं."

शिष्याने समोर पाहिले. सतरा पोथ्या बांधायच्या उरल्या होत्या. हातातले काम पुरे केल्याशिवाय उठू नये, ही त्या पाठशाळेची पहिली शिकवण होती आणि ती त्याच्या अंगात मुरलेली होती. "तू हो पुढे, मी आलोच," असे म्हणून त्याने हातातली बांधून झालेली पोथी ठेवली आणि उरलेल्या सतरांतली पहिली घेतली. घाई केली नाही. सगळ्या गाठी नेहमीसारख्याच बसल्या. मग हातपाय धुऊन तो निघाला.

तो पोचला तेव्हा दिवे लागले होते. पत्नी गेली होती, तो पोचण्याच्या थोडेसेच आधी. दुसऱ्या दिवशी, कोणीतरी विचारले म्हणून, सासूबाई त्या माणसाला म्हणाल्या, "दुपारभर दाराकडे बघत होती." ते शिष्याने पलीकडच्या खोलीत ऐकले.

तीन महिने सासूबाईंनी नात सांभाळली. मग त्यांनाच अंथरूण धरावे लागले आणि मूल पाठशाळेत आले. गुरुजींनी ग्रंथशाळेमागची खोली शिष्याला दिली. पाठशाळेच्या स्वयंपाकीण म्हाळसाकाकू गाईचे दूध पातळ करून बोंडल्याने मुलीला पाजू लागल्या. पेठेतल्या एका व्यापाऱ्याला मूलबाळ नव्हते. त्याने निरोप पाठवला, मुलगी आम्हाला द्या, आम्ही पोटच्यासारखी वाढवू. शिष्याने होकार दिला. चैत्री पौर्णिमेला ते घेऊन जायचे ठरले. तोवर तीन आठवडे होते.

शिष्याने हे गुरुजींच्या कानावर घातले. गुरुजी सत्तरीच्या पुढचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "तुझी मुलगी, तुझा विचार. पण एखाद्याच्या हाती मूल द्यायचे तर ते कोरडे करून द्यावे. पौर्णिमेपर्यंत तिचे लंगोट तू बदल. काकूंवर टाकू नकोस."

शिष्याने तेही काम नियमाला धरून केले. बाजारातून कोरे मांजरपाट आणले, त्याचे चौकोन फाडले. प्रत्येक पाठ संपला की उठायचे, मुलीचे फडके सोडायचे, दुसरे बांधायचे. चौकोन, चार घड्या, पोटावरून आवळून बासनाची गाठ. पाठ चालू असताना मागच्या खोलीतून रडणे ऐकू येई, तेव्हा तो आवाज थोडा चढवून सूत्र म्हणे. बदलताना तो तिच्याशी काही बोलत नसे आणि तिच्या तोंडाकडे पाहतही नसे. तिची हनुवटी आईची होती.

एकदा म्हाळसाकाकू दारात उभ्या राहून ते पाहत होत्या.

"अरे दादा, ही काय पोथी आहे? आवळून बांधलीस म्हणजे आतलं आत राहील असं वाटतं की काय तुला?"

"सैल बांधलं की सुटतं, काकू."

"सुटू दे की. तुझी विद्या सांडायची नाही त्यातून." त्या खाली बसल्या. "सरक जरा. बघ आता. कोरं कापड नाही वापरायचं, टोचतं. जुनं धोतर घे, दहा वर्षं धुतलेलं. त्रिकोणी घडी. रुंद बाजू कमरेखाली, बेंबीच्या खाली राहील अशी. टोक पायांमधून वर घ्यायचं. आणि गाठ अशी कुशीला, पोटावर नाही. दोन बोटं आत गेली पाहिजेत. जातायत का?"

"जातात."

"मुलीची जात आहे, पुसताना पुढून मागे पुसायचं, उलट नाही. कोमट पाणी, मऊ फडकं. मांडीच्या वळ्या उघडून टिपायच्या, घासायच्या नाहीत. मग खोबरेल. मग घटकाभर तशीच उघडी ठेव, वारा लागू दे." त्यांनी मुलीच्या पोटावर बोट टेकवले. मुलगी हसली. "हे बघ, हसते. तू बदलतोस तेव्हा हसते का?"

शिष्याने कधी पाहिलेच नव्हते.

घडी तो शिकला, गाठही शिकला. वेळ मात्र त्याने बदलली नाही. पाठ संपल्यावरच उठायचे. आठवड्याभरात मुलीच्या मांड्या लालबुंद झाल्या, कातडी सोलवटली. काकूंनी लंगोट रिठ्याच्या पाण्यात उकळले, कडक उन्हात वाळवले, तरी गुण येईना. मुलगी दूध घेईना. रडण्याचा आवाज दिवसागणिक बारीक होत गेला, आणि काकूंना रडण्यापेक्षा त्या बारीक होण्याची अधिक काळजी वाटू लागली. त्यांनी ती गुरुजींना बोलून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा पाठ सुरू होता. गुरुजी आत आले. त्यांच्या हातात तांब्या होता. ते शिष्याजवळ आले आणि तांब्यातले कोमट पाणी त्यांनी त्याच्या मांडीवर ओतले. मग आपल्या जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "हं, पुढे."

इतर विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. शिष्याला काही उमगले नाही. पण गुरुजींना विचारण्याची ही वेळ नव्हती आणि पाठ अर्धा होता. तो तसाच बसून सांगत राहिला. पाणी आधी कोमट होते. मग ते गार झाले. धोतर मांड्यांना चिकटले. सूत्रावरचे भाष्य सांगताना त्याचे लक्ष दोनदा चुकले. मागच्या खोलीत मुलगी रडू लागली होती. त्याने आवाज चढवला.

गुरुजींनी हात वर केला. "किती वेळ ओला आहेस?"

"पाठाच्या सुरुवातीपासून."

"उठला का नाहीस?"

"पाठ पुरा व्हायचा होता."

"कसे वाटते आहे?"

शिष्य घुटमळला. "खाज सुटते आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसले. गुरुजींनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. खोली रिकामी झाल्यावर मागचे रडणे अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागले.

गुरुजी म्हणाले, "हातातले काम पुरे केल्याशिवाय उठू नये, हे तुला मी शिकवले. मला माझ्या गुरुजींनी शिकवले. ते एकटे होते. जन्मात त्यांना कोणी हाक मारून बोलावून घेतले असेल, असे मला वाटत नाही. नियम खोटा नाही. पण तो पोथ्यांच्या कामाचा आहे. अर्धी सोडलेली पोथी उद्या तिथेच अर्धी सापडते. हाक उद्यापर्यंत टिकत नाही. तू सुज्ञ आहेस म्हणून ओला बसून राहू शकलास. तिला तेवढी अक्कल अजून आलेली नाही, म्हणून ती रडते. तसली अक्कल तिला कधी येऊ नये, असे मला वाटते."

त्यांनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला.

"त्या दिवशी मी ओसरीवर होतो. गड्याचा निरोप मीही ऐकला. तू पुन्हा पोथीला हात घातलास, तेव्हा मी मनात म्हणालो, शिष्य असावा तर असा. मला ऊठ म्हणता आले असते. हे मी तुला चार महिने सांगायचे टाळले. ते ओझे तू एकट्याने वाहू नकोस."

शिष्य खाली पाहत होता. भाष्याचे वाक्य अर्ध्यावर तुटलेले होते आणि त्याचे उरलेले शब्द अजून त्याच्या ओठांवर होते.

"ऊठ," गुरुजी म्हणाले. "राहू दे ते."

तो उठला. ओल्या धोतरानिशी मागच्या खोलीत गेला आणि मुलीजवळ बसला. दोघेही ओले होते. त्याने कुशीची गाठ सोडली. कोमट पाण्यात फडके बुडवून, पिळून, पुढून मागे पुसले. वळ्या उघडून टिपल्या. सोलवटलेल्या जागी त्याचा हात आपोआप हलका झाला. खोबरेल लावून त्याने तिला तशीच उघडी ठेवली आणि वारा लागावा म्हणून खिडकी ढकलली. मग त्याने प्रथमच तिच्या तोंडाकडे नीट पाहिले. रडे थांबून ती त्याच्याकडेच पाहत होती. कोण आले आहे, याची तिला खातरजमा करायची असावी.

"आलो," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "आलो बरं."

हा शब्द ज्या घरात सांगायचा होता त्या घरापासून तो आता चार कोसांवर होता, आणि तिथे तो ऐकायला कोणी नव्हते. मुलीने पाय झाडले.

त्यानंतर पाठ चालू असताना रडणे ऐकू आले की तो उठून जाई. विद्यार्थी थांबत. सुरुवातीला त्यांना त्याची मौज वाटली, मग सवय झाली. दहा दिवसांत मांड्यांवर नवी कातडी आली.

पौर्णिमेला व्यापारी आणि त्याची पत्नी आली. व्यापारी अंगणातच गुरुजींशी बोलत थांबला. त्याची पत्नी आत आली. तिच्या हातात एक गाठोडे होते. आपली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी फाडून तिने दोन डझन लंगोट शिवले होते, कडा आतून मुडपलेल्या, एकही टाका टोचणार नाही असे. ती चाळिशीची असावी.

शिष्य म्हणाला, "बाई, माझ्याने नाही व्हायचं. तुम्हाला शब्द दिला होता. मी मोडतो आहे."

तिने गाठोडे खाली ठेवले. मग म्हणाली, "जरा घेऊ का हिला?"

त्याने मुलगी तिच्या मांडीवर दिली. ती बसून राहिली. थोड्या वेळाने तिच्या लुगड्यावर ओला डाग पसरला. शिष्य पुढे झाला, तेव्हा ती म्हणाली, "असू द्या." तिने स्वतःच गाठोड्यातला एक लंगोट काढला आणि बदलला. सराव नसूनही तिला ते नीट जमले. मनात किती वेळा केले असेल कोण जाणे. मुलीला परत देऊन ती उठली. गाठोडे तिथेच ठेवले.

"हे न्या," शिष्य म्हणाला.

"आमच्याकडे कोणाला?" ती म्हणाली, आणि बाहेर गेली. लुगड्यावरचा डाग तिने पुसला नव्हता.

वर्ष फिरून मार्गशीर्ष आला. सकाळी सासुरवाडीला वर्षश्राद्ध झाले. ते उरकून शिष्य मुलीला कडेवर घेऊन परतला, आणि गुरुजी नको म्हणत असताना पोथ्या बांधायला बसला. मुलगी आता उभी राहू लागली होती. ओसरीवर म्हाळसाकाकूंजवळ ती खेळत होती. काकू आत गेल्या आणि काही वेळाने मुलीने हाक मारली. रडणे नव्हते ते. तिला शब्द येत नव्हता, नुसता आवाज होता.

शिष्याने एका पोथीला बासन गुंडाळले होते आणि दोरीचा पहिला वेढा दिला होता. त्याने दोरी सोडली आणि तो उठला.

लंगोट बदलून झाल्यावर तो लगेच परत गेला नाही. मुलीला वाऱ्याला उघडी ठेवून तो तिथेच बसला. आज आपण उठलो, हे कोणाला तरी सांगावे असे त्याला वाटले. सांगण्यासारखे एकच माणूस होते, आणि सकाळी त्याचेच श्राद्ध झाले होते. त्याने लंगोटाची घडी उगीचच पुन्हा एकदा सारखी केली.

दिवस कलल्यावर गुरुजींनी अंगणातल्या पोथ्या स्वतः उचलून आत ठेवल्या. एकीची दोरी लोंबत होती, तिला त्यांनी हात लावला नाही. ती पोथी बांधायची राहिली ती राहिलीच.