चुलीनं वसा मोडला

फार वर्षांमागे एका चुलीनं वसा घेतला होता. शिळासप्तमीचा एक दिवस तेवढा थंड राहायचं, एरवी पोटातला विस्तव विझू द्यायचा नाही. वसा तिनं निष्ठेनं पाळला, आणि त्याचा थोडा तोराही मिरवला.

पुढे उन्हाळे असे वाढले, की दरसाल आदल्या सालचं ऊन बरं म्हणायची पाळी आली. चूल दिवसभर सूर्याला बोल लावी, “ह्याला काही मर्यादा?” घरोघरच्या चुलीही हेच म्हणत, आणि म्हणता म्हणता आणखी एक लाकूड पोटात ओढून घेत.

चुलीच्या वर आढ्याला चिमणीचं घरटं होतं. त्यात दोन अंडी होती. चिमणी म्हणाली, “चूलबाई, सूर्य बाहेर आहे. माझ्या पोरांच्या खाली तू आहेस.”

“माझी नुसती ऊब गं. मायेची.”

“माया जरा आवर. उद्यापर्यंत पोरं शिजतील.”

चुलीला आधी राग आला, मग स्वतःचंच हसू आलं. सगळ्यांचं तापणं तिनं पाहिलं होतं, आपलं सोडून.

दुपारी मालकीण आधण ठेवायला आली, तेव्हा चुलीनं राख अंगावर ओढून घेतली. ती काही केल्या पेटेना. फुंकून दमलेल्या मालकिणीनं सकाळची भाकरी ताकाशी खाल्ली आणि निवांत घाम पुसला.

चार दिवसांनी आढ्यावर चिवचिव सुरू झाली. वसा मोडल्याचं पाप लागलं का, हे चुलीला अजून ठाऊक नाही. पण रोज दुपारी ती गार बसते. तर बायांनो, तुम्हीही घरातला एक विस्तव दुपारपुरता निजू द्या. देव समजून घेईल.