मंजुळायची आस

फार फार वर्षांपूर्वीची, होड्यांना यंत्रं नव्हती आणि जाळी सणाच्या, म्हणजे तागासारख्या सुताची असायची, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. कांदळपाड्यात कुणालाही विचारलंत तर तो म्हणेल, माझ्या आजीच्या आजीनं हे डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांच्याच आजीच्या आज्या त्या दिवशी तिथे हजर होत्या, असं म्हणतात. त्या सगळ्या त्या एवढ्याशा अंगणात मावल्या कशा, हाही एक चमत्कारच म्हणायचा.

कांदळपाडा हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं कोळ्यांचं गाव. तिथे हाशा तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, ज्याच्या शब्दावर होडी वळते तो. पण एका वादळात हाशाचं जाळं समुद्रानं ओढून नेलं, आणि तांडेल असूनही त्याला दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायला जावं लागलं. दुसरा म्हणजे त्याच्या शेजारचाच तांडेल राघो, ज्याच्याशी त्याचं कधीच पटत नव्हतं. हाशानं गावदेवीपुढे नारळ ठेवून सांगितलं, पुढच्या नारळी पुनवेला माझं स्वतःचं जाळं पाण्यात पडेल, नाहीतर मी समुद्राचं तोंड पाहणार नाही.

त्याच वर्षी त्याच्या मुलाचं, जोमाचं लग्न झालं आणि मंजुळी सून होऊन घरात आली. मंजुळीला आई नव्हती. तिला जन्म देतानाच ती गेली होती. बापानं तिला मांडीवर घेऊन वाढवलं, आणि त्या मांडीवर जाळंही असायचं. त्यामुळे ज्या वयात मुली सागरगोटे खेळतात, त्या वयात ही जाळ्याच्या गाठी मारायला शिकली. सूत बायकांनी कातायचं आणि जाळं पुरुषांनी विणायचं, ही गावाची रीत. पण मंजुळीची बोटं चालताना हाशानं एकदा पाहिली आणि रीत गुंडाळून आढ्याला टांगली. "पोरी, तूच वीण," तो म्हणाला.

जाळ्यातल्या एकेका चौकटीला कोळी आस म्हणतात. तो आस. एका आसाला चार कोपरे, आणि कोपऱ्याकोपऱ्याला गाठ. मंजुळीनं विणायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात तिला दिवस गेले. घरात आनंद झाला, पण पाणवठ्यावरच्या बायका आनंदाबरोबर भीतीही वाटून देतात. एक म्हणाली, "पहिलटकरणीचं कच्चं असतं गो, जपून." दुसरी म्हणाली, "माजं पहिलं असंच निसटलं." मंजुळी घरी आली. तिनं आपला एक लांब केस उपटला, सुताबरोबर गुंफला आणि जाळ्याच्या पहिल्या आसाची पहिली गाठ सोडून पुन्हा मारली. मारताना पोटातल्या बाळाला म्हणाली, "घट्ट राहा."

त्यानंतर प्रत्येक गाठीला ती तेच म्हणत राहिली. घट्ट राहा. सकाळी, दुपारी, ओहोटीला, भरतीला. जाळं वाढत गेलं तसं पोटही वाढत गेलं, आणि दोन्ही घट्ट राहिली. शेवटी शेवटी जाळं एवढं मोठं झालं की ते पसरायला अंगण पुरेना. गावातले म्हातारे येऊन गाठी ओढून पाहायचे आणि मान डोलवायचे. असं जाळं ह्या खाडीनं पाहिलं नाही, असं म्हणायचे. आता फक्त ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात ते रंगवायचं राहिलं होतं. नारळी पुनव तोंडावर आली होती.

एके दिवशी सकाळी चुलीपुढे बसून भाकरी थापताना मंजुळीच्या कमरेत कळ आली. तिला वाटलं, वाकून बसल्यानं कंबर भरून आली असेल. तिनं भाकरी तव्यावर टाकली. दुसरी कळ आली तेव्हा भाकरी करपली, आणि सासूनं, धाकूबायनं तिच्या तोंडाकडे पाहून सगळं ओळखलं.

येसू सुईण आली. आसपासच्या सगळ्या पाड्यांवरची पोरं तिच्याच हातात पडलेली. ती इतकी म्हातारी होती की समुद्राची नाळही तिनंच कापली असेल, असं म्हणतात. तिनं पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "येळ हाय. पण येईल."

मंजुळीला वाटलं होतं, दुखणं म्हणजे दुखणं असेल. बोट कापलं की बोट दुखतं, तसं. पण ह्या दुखण्याला जागाच नव्हती. ते लांबून कुठूनतरी यायचं, कमरेशी वळायचं, पोट दगडासारखं करायचं आणि मग ती त्याच्या आत असायची. घर, चूल, सासू, कुणीच नसायचं. मग ते ओसरायचं आणि तिला माशांचा वास, कोंबड्यांचा आवाज, सगळं परत मिळायचं. दर वेळी थोडं कमी परत मिळायचं. आई गेली ती ह्याच वाटेनं, हे तिला तेव्हा आठवलं, आणि आठवलं ते मग जाईना.

दुपार झाली. कळा एकीवर एक येत होत्या, पण बाळ खाली सरकत नव्हतं. येसूच्या कपाळावर घाम आला. "वाट मोकळी हाय," ती म्हणाली, "पण पोर हलत नाय. घरात कायतरी बांधलेलं ऱ्हायलंय."

बाई अडली की घरातलं बांधलेलं सगळं सोडायचं, ही तेव्हाची रीत. धाकूबायनं पेटीचं कुलूप काढलं, मडक्यांवरची झाकणं काढली, सुनेची वेणी सोडली. तांदळाच्या पोत्याचं तोंड सोडलं. धरायला म्हणून आढ्याला दोर बांधला होता, तोही सोडला, मग मंजुळीनं सासूचे खांदेच धरले. जोमानं दारात उभ्या उभ्या कमरेचा करदोडा सोडला आणि धोतर एका हातानं धरून उभा राहिला. शेजाऱ्यांनी गुरांची दावी सोडली. खाडीतल्या होड्यांचे दोर सोडले आणि पुरुष गुडघाभर पाण्यात होड्या हातांनी धरून राहिले. हसू नका, दुसऱ्याच्या सुनेसाठी होडी हातात धरून उभं राहायला जीव लागतो. तरीही बाळ हललं नाही.

"आता कायपण ऱ्हायलं नाय," धाकूबाय रडत म्हणाली.

"ऱ्हायलंय," येसू म्हणाली. "नीट बघा."

अंगणात ते जाळं पसरलेलं होतं. सगळे त्याला ओलांडून आत-बाहेर करत होते. पण जाळ्यात गाठी असतात हे कोळ्याच्या मनातच येत नाही. माणसाला स्वतःची हाडं दिसतात का? गाठ म्हणजे दोराला मारलेली. जाळं म्हणजे जाळं. बांधलेल्या वस्तूंत गावात कुणीही ते मोजलं नाही.

ते आठवलं मंजुळीला. कळ ओसरली होती आणि ती सासूच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. "आजे," ती सुईणीला म्हणाली, "मीच त्याला सांगितलंय."

"काय सांगितलंस? कुणाला?"

"बाळाला. घट्ट राहा म्हणून. जाळ्याच्या गाठीगाठीला."

येसूनं दारातून अंगणातल्या जाळ्याकडे पाहिलं. मग उठून दारात गेली. "तांडेला," ती म्हणाली, "तुजा नातू आयशीचं ऐकतोय. जाळं सोड."

हाशाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. "कापतो," तो कसाबसा म्हणाला आणि कोयता घ्यायला वळला.

"कापलं तर तुटेल. सुटायला पायजे. ती त्याला ऱ्हा म्हणालीय, तुमी एकेक गाठ सोडा नि ये म्हणा."

हाशा जाळ्याकडे पाहत उभा राहिला. त्यात त्याचा शब्द होता, देवीपुढचा नारळ होता, आख्खा हंगाम होता. आतून सुनेचा कण्हण्याचा आवाज आला. हाशा खाली बसला. त्यानं पहिली हाताला लागली ती गाठ धरली आणि नखांनी ओढू लागला. पण कोळ्याचा हात गाठ मारायला शिकतो, सोडायला नाही. नख तुटलं, गाठ सुटली नाही. शेवटी तो उठला आणि कुंपणापलीकडे राघोच्या दारात जाऊन उभा राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण राघो काही गाढव नव्हता. हाशानं तोंड उघडायच्या आधीच तो बायकोला म्हणाला, "सुरमईचे काटे आण. जाडे बघून."

मग गाव बसलं. जाळ्याच्या चारी बाजूंनी, मांडीला मांडी लावून. कुणाच्या हातात माशाचा काटा, कुणाच्या हातात सुई, कुणाकडे खेकड्याची नांगी. गाठ सुटली की ते म्हणायचे, "ये." आधी लाजत, हळू. मग मोठ्यानं. मग सगळे मिळून. बाळंतिणीच्या दाराशी कधी न फिरकलेले पुरुष दुसऱ्याच्या घरच्या बाळाला हाका मारत होते, ये, ये. आणि मंजुळीला आत जाणवलं की काहीतरी सैल होतंय. एकेका हाकेला बाळ तसूतसूनं उतरत होतं.

तेव्हा ओहोटी होती. समुद्र लांब गेला होता, चिखल उघडा पडला होता. पण आख्खं गाव ये म्हणतंय, तर समुद्राला काय कळणार की हाक कुणाला आहे? तो आपल्यालाच बोलावताहेत असं समजला आणि ओहोटीच्या मध्येच वळला, असं म्हणतात. खाडी चढली. कांदळवनात पाणी शिरलं. पुरुषांच्या हातातल्या होड्या वर वर उचलल्या गेल्या.

जाळं संपत आलं, सुताचे ढीग पडले. शेवटी एकच गाठ राहिली. ती राघोला सुटेना, हाशाला सुटेना, सुरमईचा काटा मोडला. केस गुंफलेली ती पहिली गाठ होती. धाकूबायनं ती मंजुळीच्या हातात आणून दिली.

मंजुळीनं गाठ मुठीत घट्ट धरली. सोडली नाही.

"सोड गो," धाकूबाय म्हणाली.

"नाय आये." मंजुळीचे ओठ कोरडे पडले होते. "माजी आय मोकळी झाली नि गेली. ही सुटली की मीपण जाईन."

येसू सुईण तिच्यासमोर बसली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुज्या आयशीच्या उशाशी मीच होते," ती म्हणाली. "ती जाणार ते तिलापण समजलं होतं नि मलापण. तरी तिनं धरून ठेवलं नाय तुला. शेवटपत्तोर ये ये म्हणत ऱ्हायली. म्हणून तू आलीस. तू जाशील का ऱ्हाशील ते मला सांगता येत नाय पोरी. पण तू बोलावल्याबिगर तो यायचा नाय."

मोठी कळ आली, सगळ्यांत मोठी. तिच्यात मंजुळीला कुणीच दिसेना. ह्या जागी आपली आई बसली होती, एवढंच तिला कळलं. ती आईला कधी भेटली नव्हती, पण त्या क्षणी भेटली. भीती गेली नाही. भीतीसकट तिनं मूठ उघडली, गाठ दातांत धरली आणि ओढली. केस सुटला, सूत सुटलं, आणि तिच्या तोंडून शब्द निघाला तो अंगणातल्या सगळ्यांनी ऐकला. "ये."

बाळ आलं. आणि त्याच वेळी पाणी उंबऱ्याला लागलं, असं म्हणतात.

मुलगी होती. येसूनं नातू म्हटलं होतं, पण हाशा ते लगेच विसरला. मंजुळीच्या छातीवर ती ओली, गरम, रागावलेली पोर ठेवली तेव्हा मंजुळी तिच्या मुठी बघत राहिली. मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. मंजुळीनं एक बोट आत सरकवलं तर तिनं ते धरलं. मंजुळी गेली नाही. ती राहिली, म्हातारी होईपर्यंत राहिली, आणि मंजुळाय झाली. पुढे कुठल्याही घरात पहिलटकरीण अडली की ती उशाशी जाऊन बसायची आणि काही न करता नुसता हात धरायची.

समुद्र आला तसा गेला. पण जाताना हाशाच्या अंगणात, सुताच्या ढिगांत, इतका मासा ठेवून गेला की गावाला तो वेचायला टोपल्या पुरेनात. त्या हंगामात हाशाकडे जाळं नव्हतं, पण प्रत्येक अमावास्या-पुनवेला पाणी अंगणाशी यायचं आणि मासा टाकून जायचं, असं म्हणतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. पण समुद्रच अंगणात येऊन जाळ्याचं सूत भिजवून गेला, तेव्हा देवीपुढचा शब्द फिटला, असं गावानं ठरवलं. राघोनं त्याला स्वतःच्या होडीवर बोलावलं, आणि या वेळी सुकाणूवर बसवलं, हे मात्र खरं.

आता कांदळपाड्यातली बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. गाडी निघाली की घरातलं कुणीतरी अंगणात जाऊन नायलॉनच्या जाळ्याची एक गाठ सोडतं आणि ये म्हणतं. तेवढं झाल्याशिवाय घरात कुणी पाणी पीत नाही. आणि नवं जाळं विणलं की त्यात एका जागी गाठ मारत नाहीत, तेवढं उघडं ठेवतात. बाकी सगळ्यांना तो आस म्हणतात. ह्या एकीला ती आस म्हणतात, मंजुळायची आस.

परगावचा कुणी माणूस ते भोक बघतो आणि हटकून म्हणतो, अहो, इथून मासा निसटेल. तेव्हा जाळ्याशी बसलेला म्हातारा मान वर न करता सांगतो, "निसटत नाय. सुटतो."