घोंगडीवरून

"आता दिसतंय का, अक्का?"

"नाही रे."

"आणि आता?"

"आता मोठी झाली अक्षरं. पण मेली धूसर ती धूसरच."

हेरंबने कपाळावरचा घाम पुसला. सकाळपासून त्याची खटपट चालली होती. ब्राउझरमध्ये जाऊन त्याने अक्षरांचा आकार वाढवला, फॉन्ट बदलला, पान दीडपट केलं, मग पावणेदोनपट केलं. पुण्याच्या कंपनीत चाळीस माणसं हाताखाली असलेला हा गडी, आणि एका म्हाताऱ्या बाईला चार ओळी दिसेनात म्हणजे काय! आतून तो चांगलाच चिडला होता.

भिंतीवरच्या स्क्रीनपाशी उभं राहून त्याने मठाच्या वेबसाइटचं पहिलं पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. अक्षर न् अक्षर लख्ख होतं.

"स्पष्ट सांगू का, अक्का? स्क्रीनमध्ये काही दोष नाही."

"डोळ्यांचे डॉक्टरही तेच म्हणाले. डोळ्यांत काही दोष नाही."

"मग?"

"मग काय... दोघंही हुशार."

मांजरा नदीच्या काठचा तो मठ अगदी लहानसा. दोन खोल्या, एक ओसरी आणि दारात कडुनिंब. गोदाक्का तिथे चाळीस वर्षं राहत होत्या. लोक आपलं दुखणं त्यांना लिहून कळवायचे, पूर्वी पोस्टाने आणि अलीकडे मठाच्या वेबसाइटवर. अक्कांनी सगळ्यांना शब्द दिला होता, की तुमचं पत्र माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. त्यामुळे कुणी वाचून दाखवायचा प्रश्नच नव्हता.

गेल्या महिन्यात हेरंबने मठातला जुना ढब्बू मॉनिटर काढून टाकला. नवा सपाट स्क्रीन आणला, भिंतीवर झकास बसवला आणि म्हणाला, "आता कुठे आपला मठ या शतकात आला." तेव्हापासून अक्कांना वाचता येईना. एकशे सत्तर पत्रं न उघडता पडली. उदगीरकडची एक बाई दर गुरुवारी लिहायची. तिचे तीन गुरुवार तसेच गेले होते.

"नजर गेली म्हणायचं," अक्का म्हणाल्या. "संध्याकाळी त्या पानावर लिहून टाक, हेरंबा. पत्रं बंद."

हेरंबने नाही नाही म्हणून मान हलवली. पण त्याच वेळी जिभेवर भलतंच आलं.

"बंद कशाला? मला द्या ना, अक्का. दहा वर्षं तुमच्या पायाशी आहे. तुमच्या परवानगीने उत्तरं मी देतो."

अक्कांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"हेरंबा, तू कुठे उभा आहेस?"

"इथे. स्क्रीनपाशी."

"आणि सकाळपासून कुठे होतास?"

"इथेच."

"हं..."

अक्कांनी मांडीवरचा कीबोर्ड बाजूला ठेवला. जमिनीला हात टेकून, गुडघ्यांना शिव्या घालत त्या उठल्या. घोंगडीवरून खाली उतरल्या आणि म्हणाल्या,

"बस इथे."

"कुठे?"

"घोंगडीवर."

दारात मठाचा स्वयंपाक बघणारी शेवंतामावशी तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप हातातच राहिलं. ती घोंगडी अक्कांच्या गुरूंची. त्यांच्यामागे तिच्यावर अक्कांशिवाय कुणी बसलं नव्हतं. लोक तिला लांबून हात लावून तो हात डोळ्यांना लावत.

"अगं बाई! अक्का, काहीतरीच काय!"

"मला पाप लागेल, अक्का," हेरंब म्हणाला. तो दोन पावलं मागे सरला.

"लागू दे. बस."

"अक्का, मी..."

"बस म्हणते ना!"

हेरंब बसला. अंग चोरून, अर्धं बूड घोंगडीवर आणि अर्धं फरशीवर.

"नीट मांडी घाल. आता वर बघ."

त्याने मान वर केली...

पांढरं पान मळकट करडं झालं होतं. अक्षरं त्यात बुडून गेली होती. जी वर आली होती तीही अर्धी काळी, अर्धी फिकट. मघाशी लख्ख वाचलेली ओळ त्याला लागेना. मान थोडी डावीकडे केली, उजवीकडे केली, तरी तेच. तो अर्धवट उठला, तशी अक्षरं हळूहळू वर आली. परत बसला, तशी परत बुडाली.

असले स्क्रीन फार खालून बघितले की असेच दिसतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ऑफिसमध्ये त्याने ते दहा जणांना समजावून सांगितलं होतं. आणि इथे महिनाभर...

"अक्का," तो एकदम ओरडलाच. "अहो, तुमचे डोळे चांगले आहेत! काही झालेलं नाही तुमच्या डोळ्यांना!"

त्याने वळून पाहिलं. अक्का भिंतीला धरून धरून स्क्रीनपाशी पोचल्या होत्या. तो सकाळपासून उभा होता नेमक्या त्याच जागी उभ्या राहून त्या वर बघत होत्या.

"अय्या, इथून तर काय सुरेख दिसतंय रे! तू खरंच सांगत होतास की. उगाच बोलले तुला."

हे ऐकलं आणि हेरंबला इतकी लाज वाटली, की त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. जुना मॉनिटर ज्या चौरंगावर असायचा, त्याच्यावर मावशीने कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या तिने बडबडत बडबडत उचलल्या. हेरंबने भिंतीचे स्क्रू काढले, स्क्रीन चौरंगावर घोंगडीसमोर आणला आणि अक्कांच्या डोळ्यांच्या रेषेत थोडा मागे कलवला. मग सकाळपासूनची सगळी कारागिरी एकेक करून पुसली. शेवटी कंट्रोल आणि शून्य दाबलं, तसं पान मुळात होतं तेवढं झालं.

"आता, अक्का?"

अक्कांचे ओठ हलत होते... त्या वाचत होत्या.

"थोडं मोठं कर."

त्याने पान एक पायरी मोठं केलं.

"बास. आता उठ, तोंड तिकडे कर. ती गुरुवारची पत्रं उघडायची आहेत."

हेरंब ओसरीवर जाऊन पाठमोरा बसला. मावशीही सूप घेऊन त्याच्या शेजारी टेकली. ती उरलेले तांदूळ निवडू लागली. मग अक्कांनी भलामोठा श्वास सोडलेला दोघांनाही ऐकू आला.

"बरी आहे," अक्का आतून म्हणाल्या. "माझी वाट बघतेय, पण बरी आहे."

मावशीने पदराने डोळे पुसले. कोण बाई, काय दुखणं, तिला काही ठाऊक नव्हतं. हेरंबलाही नव्हतं. तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं आणि तो वेड्यासारखा हसायला लागला.

संध्याकाळी निघताना त्याने अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अक्का, पत्रांचं मी बोललो ते विसरून जा. माझी लायकी नाही. आणि गुरूंच्या आसनावर बसलो... त्याचं काय प्रायश्चित्त घेऊ ते सांगा."

अक्कांनी घोंगडीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"सांगते... येशील तेव्हा आधी इथे बसत जा."